यशिका मॅट १२४जी हा दोन भिंगांचा जुना फिल्म कॅमेरा २८ हजारांना मिळतोय, लेन्स स्वच्छ आहे म्हणतात. भाव वाजवी आहे का?

तुम्ही कॅमेऱ्याचा समोरून काढलेला एकच फोटो टाकलाय आणि खाली ‘चालू स्थितीत’ एवढंच लिहिलंय. यावरून भाव सांगणारा माणूस एकतर देव असेल नाहीतर विक्रेत्याचा भाऊ. जुन्या कॅमेऱ्याच्या बाबतीत ‘चालू’ म्हणजे बटण दाबल्यावर खट्ट असा आवाज आला, बाकी काही नाही. तरीही लिहितोय, कारण नेमक्या याच मॉडेलवरून माझं आणि आमच्या दादाचं २०२१ पासून वाजलेलं आहे.

बाबांचा चिपळूणला स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो. पुढे हाताशी ३५ एमएमचे कॅमेरे आले, पण ग्रुप फोटोला शेवटपर्यंत यशिका मॅटच. फोकसच्या डाव्या चाकावर १० फुटांपाशी त्यांनी आईच्या नेलपेंटचा लाल ठिपका दिलेला होता. अंतरपाट बाजूला झाला की मान खाली घालून काचेत बघत बसायला वेळ नसतो. चाक ठिपक्यावर आणायचं, अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेड आत घेणारं छिद्र, एफ/८, आणि दाबायचं. २००५ च्या पुरात दुकान गेलं, कॅमेरा घरी माळ्यावर होता म्हणून राहिला. २०२१ च्या जुलैतही माळ्यामुळेच वाचला. दोन पुरांतून सुटलेली ही वस्तू त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात दादाने एका फिरत्या गिऱ्हाइकाला विकली. ४ हजारांना.

पुढच्या वर्षी मुंबईत फोर्टमधल्या एका दुकानात काचेच्या कपाटात मला तो लाल ठिपका दिसला. चिठ्ठीवर २४ हजार.

मी तिथूनच दादाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “अरे, भाव म्हणजे समोर उभा राहून माणूस नोटा मोजतो तो. चिठ्ठीवर काय, कोणीही काहीही लिहील.” मी फोन ठेवला आणि आपलीच वस्तू विकत घ्यायची नाही अशा तोऱ्यात दुकानातून बाहेर पडलो. महिन्याभराने तोरा उतरल्यावर गेलो तर कॅमेरा गेलेला. म्हणजे चिठ्ठीवरचा आकडाही कोणीतरी मोजलाच की!

आता तुमच्या कामाचं. ईर्ष्येने मी पुण्यात एका गृहस्थांकडून दुसरा १२४जी घेतला, १७ हजारांना. संध्याकाळची वेळ, गॅलरीतला उजेड. त्यांनी काच दाखवली, लख्ख होती. फक्त ती वरची होती. वरच्या भिंगातून आपण नुसतं बघतो, फोटो खालच्या ८० एमएमने निघतो, आणि फोटोग्राफरचा मुलगा असून मी खालचं भिंग पुढून बघितलं न बघितलं केलं. घरी येऊन मागचं दार उघडलं, शटर ‘बी’वर, म्हणजे बटण सोडेपर्यंत उघडं राहील असं, दाबून धरलं, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून मोबाइलची बॅटरी तिरकी मारली. आतल्या काचेवर कडेपासून मधोमध आलेली बुरशी, भिंतीवर वाळलेल्या वेलीच्या मुळ्या असतात तशी. शटरचा एक सेकंद अडीच सेकंदांचा झालेला. दुरुस्तीला साडेसहा हजार गेले. बुरशी निघाली, पण तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं होतं ते खाल्लंच. आजही उजेडासमोर धरून काढलेला फोटो दुधात पाणी घातल्यासारखा येतो.

तेव्हा ‘लेन्स स्वच्छ आहे’ म्हणणाऱ्याला विचारा, कुठली? आणि त्याच्यासमोर मागचं दार उघडून बॅटरी मारा. आढेवेढे घेतले तर उठून या. वरच्या भिंगाला थोडी बुरशी असली तरी मी घेईन, पैसे कमी करून. खालच्याला असेल तर लेन्सची किंमत शून्य धरून बोला. विक्रेत्याचं तोंड बघण्यासारखं होतं, पण धरा. एक सेकंद, अर्धा, पाव हे हळू वेग कानाने तपासा. मोठे वेग सहसा चालतात आणि विकणारा तेच ऐकवतो. रोल पुढे सरकवायचं हँडल पूर्ण फिरवून बघा, अडखळलं तर नको.

उजेड मोजणारा मीटर चालतो म्हणून दोन हजार जास्त मागतील, देऊ नका. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला आहे, ते सेल बंद झाले. दीड व्होल्टचा साधा सेल घातला तर काटा चुकीचं सांगतो. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल १.४ व्होल्टचा असतो, भोवती रबरी रिंग लावली की बसतो. बाबांच्या ड्रॉवरमध्ये त्यांच्या मशीनचे सेल उरले होते, निळ्या चिकटपट्टीचे. माझा मीटर वर्षभर त्यावरच चालला.

इबेवरचे आकडे तुम्हाला तोंडावर फेकले जातील. मागितलेली किंमत बघूच नका, ‘सोल्ड आयटम्स’वर खूण करून विकल्या गेलेल्या मालाचे भाव बघा. जपानचे विक्रेते ‘एक्सलंट’पुढे पाच अधिकची चिन्हं लावतात आणि खाली बारीक अक्षरात बुरशी कबूल करतात. वर टपालखर्च आणि कस्टम ड्यूटी. आणि हा कॅमेरा १९८६ पर्यंतच बनला, म्हणजे सगळ्यात ‘नवा’ मिळाला तरी त्याचं वय तुम्ही मोजा.

माझा हिशेब वहिनीने गणपतीत सगळ्यांसमोर मांडला. १७ अधिक साडेसहा, साडेतेवीस. दुकानाचा सहा महिन्यांच्या गॅरंटीसकट चोवीस. “पाचशे रुपयांसाठी दोन वर्षं अबोला धरलात, भाऊजी?” दादा मोदकाला तूप लावत होता, मान वर केली नाही. दुकानदाराने लुबाडलं हे माझं म्हणणं तेव्हा बारगळलं, हे मान्य. कोकणातल्या माळ्यावर पंधरा-वीस पावसाळे काढलेला कॅमेरा, त्यालाही आतून साफसफाई लागलीच असणार. आणि तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता, फावडं दादाच्या हातात होतं, मी पुण्यात होतो. हेही मान्य.

पण लेन्स हूड, म्हणजे भिंगावर तिरका उजेड पडू न देणारी टोपी, आणि क्लोज-अप भिंगांची जोडी कातडी डबीसकट त्याने वर फुकट दिली, ते काही मला पटत नाही. या कॅमेऱ्याच्या भिंगावर बसणाऱ्या बे-१ मापाच्या या वस्तू सुट्या विकल्या जातात आणि चांगल्या विकल्या जातात. डबी उघडून तरी बघायची! तुम्हीही विचारा, सोबत हूड आहे का, झाकण आहे का, डबी आहे का. भावात दोन-तीन हजारांचा फरक त्यातच पडतो.

माझे आकडे २०२२ चे आहेत, आता वर गेले असतील. शिवाय यात लागणाऱ्या १२० नंबरच्या फिल्मचा एक रोल म्हणजे बाराच फोटो, त्याचा खर्च आधी खिशाला विचारा. सर्व्हिस केल्याचं बिल आणि निदान तीन महिन्यांची गॅरंटी असेल तर २८ चे २५ करून घ्या. नुसतं ‘चालू स्थितीत’ असेल तर पंधराच्या वर मी जाणार नाही.

आणि प्रत्यक्ष बघायला जाल तेव्हा डावं चाक फिरवून १० फुटांपाशी लाल ठिपका आहे का तेवढं बघा. असेल तर घासाघीस करू नका, आधी मला कळवा.