आधी व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स, मग ब्रोटॅटो
हे दोन्ही व्हिडिओ गेम एकदम सुरू करू नकोस. पहिला व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स घे. त्यात हल्ला आपोआप होतो, तुला फक्त फिरायचं असतं. त्यामुळे शत्रूंच्या झुंडीतून वाट काढायची नजर तयार होते. शस्त्रं ६, पूरक वस्तूही ६च, म्हणून दिसेल ते उचलू नकोस, जोड्या जुळव. मॅजिक वाँड हे शस्त्र ८व्या लेव्हलला नेलंस आणि जवळ एम्प्टी टोम ही पूरक वस्तू असेल, तर १० मिनिटांनंतर बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूच्या, पेटीतून त्याचं जास्त ताकदवान रूप होली वाँड मिळतं. मग खेळाचा रंगच पालटतो! लसूण हे शस्त्र सुरुवातीला छान, शेवटपर्यंत त्याच्यावर विसंबू नकोस.

ब्रोटॅटो मला जास्त आवडतो, तरी तो नंतरच. त्यात शत्रूंच्या २० लाटा, प्रत्येक लाटेनंतर दुकान. शस्त्रं शक्यतो एकाच प्रकारची घे. सारख्या दर्जाची दोन तीच शस्त्रं एकत्र करून वरच्या दर्जाचं एक बनवता येतं.