मोठ्या ऑर्डरसाठी ४ पोरं घेऊ का? - माझा अनुभव

तुमची पोस्ट वाचली. दोघंजण, दुकानांच्या बिलिंग सॉफ्टवेअरची ४० गिऱ्हाईकं, आणि आता एक मोठं ऑफिस म्हणतंय आमच्यासाठी वेगळं बनवा, त्यासाठी ४ पोरं कामाला घ्यावीत का. २०१८ ला मी हुबेहूब इथंच होतो म्हणून लिहितोय.

आमचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर. फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घनभाग), दरपत्रक, १० दिवसांचं बिल. सांगली-कोल्हापूर भागात हळूहळू साठेक केंद्रं झालेली, एएमसी (सॉफ्टवेअर सांभाळायची वर्षाची फी) वेळेवर यायची. मग एका निमसरकारी ऑफिसचं १२ लाखांचं काम आलं (नाव लिहीत नाही), ३ पोरं घेतली, ८ महिने सगळे त्यालाच जुंपलेले. काम झाल्यावर साहेब म्हणाले बिल टाका, आठवड्यात चेक काढतो. टाकलं. आणि आमच्यासारख्यांना जीएसटी पैसे आल्यावर नाही, बिल फाडलं की भरावा लागतो, १८ टक्क्यांनी २ लाख १६ हजार पुढच्या महिन्याच्या २० तारखेच्या आत खिशातून गेले. तेवढ्यात साहेबांची बदली. नवीन साहेब म्हणाले फाईल ऑडिटला आहे, ऑडिटवाले म्हणाले काम पूर्ण झाल्याचा दाखला जोडलेला नाही, आणि तो दाखला द्यायचा त्याच ऑफिसनं! १४ महिने हेलपाटे घातले. तोवर २ पोरांना काढावं लागलं, त्याचं आजही वाईट वाटतं. केंद्रवाल्यांचे फोन घ्यायला कोणी मोकळं नव्हतं, ११ केंद्रं गेली ती गेलीच.

म्हणून माझं मत (मी सीए नाही, तुमच्या सीएला विचाराच): ४ नको, १ घ्या, तेही त्याचा पगार एएमसीतून निघत असेल तरच. कुठल्याही एका गिऱ्हाइकावर पाव हिश्श्याच्या वर कमाई अवलंबून ठेवू नका. ॲडव्हान्स नाही तर काम नाही. दाखल्यावर कोण सही करणार ते वर्क ऑर्डरमध्येच पदासकट लिहून घ्या, किती दिवसांत तेही. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) काम सुरू व्हायच्या आधी करा, एमएसएमई म्हणजे लहान उद्योगांच्या कायद्यानं करार काहीही असो ४५ दिवसांच्या वर पैसे अडकवता येत नाहीत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं आणि सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. तेव्हा उद्यमच्या जागी उद्योग आधार होतं, मी ते काढलंच नव्हतं.

अजून एक, सगळ्यांची एएमसी एप्रिललाच ठेवू नका. वेगवेगळ्या महिन्यांत वाटून द्या, पगाराच्या तारखेला हातात काहीतरी असतं.