चेनसॉ आणि स्प्लिटरसाठी कर्ज काढू का? पाचगणीच्या दादांना उत्तर

दादा, तुमचा मेसेज दोनदा वाचला. थोडक्यात सांगायचं तर पाचगणीजवळ चार खोल्यांचा होमस्टे, पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी बंबावर, थंडीत हॉलमध्ये लाकडाची शेगडी, वर्षाला ६ टन जळण, ओलं फोडलेलं लाकूड ७ रुपये किलोनं दारात पोच. तुमचं म्हणणं असं की चेनसॉ (मोटरवर चालणारी करवत) आणि हायड्रॉलिक स्प्लिटर (ओंडके फोडायचं मशीन) घेतला तर अख्खे ओंडके साडेचार रुपयांनी आणता येतील, त्यासाठी पतसंस्थेतून १,२०,००० रुपये १४ टक्क्यांनी २४ महिन्यांसाठी काढायचे.

नका काढू.

हप्ता बसतो साधारण ५,७६० रुपये, म्हणजे वर्षाला ६९ हजार, आणि वाचणार किती तर किलोमागं अडीच रुपये, ६ टनाला १५ हजार. नुसतं मुद्दल फिटायलाच आठ वर्षं लागतील आणि त्यात १८ हजारांचं व्याज, पेट्रोल, चेनला धार लावणं, गड्याची मजुरी यातलं काहीच धरलेलं नाही. जून-जुलैत खोल्या रिकाम्या असतात असं तुम्हीच लिहिलंय, पण हप्ता काय पाऊस बघून थांबत नाही.

आता खरा मुद्दा. तुमचे पैसे फोडणावळीत जात नाहीयेत, पाण्यात जातायत. ताजं तोडलेलं लाकूड वजनाला जवळपास निम्मं पाणीच असतं. ते नीट वाळून ओल २० टक्क्यांवर आली की १ टनाचं ६२५ किलो उरतं, वाटल्यास कागदावर मांडून बघा. म्हणजे ७ रुपयांचं ओलं लाकूड तुम्हाला वाळल्यावर ११ रुपये २० पैशाला पडतं. आणि खाली वखारीत वाळलेलं १० रुपयांनी मिळतंय हे तुम्हीच लिहिलंत, वर "ते महाग पडतं" म्हणून सोडून दिलंत! ६ टन ओल्याच्या जागी ३.७५ टन वाळलेलं पुरतं, ३७,५०० रुपये, आज देताय ४२ हजार. शिवाय ओलं जाळलं की आधी आतलं पाणी उकळून उडवण्यात उष्णता जाते, धूर होतो, धुराड्यात काजळी धरते, त्यामुळं प्रत्यक्षात त्याहून कमीच लागेल.

फक्त वखारवाला वाळलेलं म्हणतो म्हणून घेऊ नका. टोकाला चिरा पडलेल्या पाहिजेत, साल सुटत आलेली पाहिजे, दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की ठण्ण वाजल्या पाहिजेत, बद्द आवाज आला की ओलं समजायचं. अजून शंका असेल तर एक ढलपी किचनच्या काट्यावर वजन करून उन्हात ठेवा, आठवड्यानं परत करा, बरंच घटलं तर भाव पाडून मागा.

खरेदी एप्रिल-मेमध्ये करा, तेव्हा लाकूड कोरडं असतं आणि तुमच्याकडं सीझनचा पैसाही असतो. पण मग साठवायला जागा पाहिजे, तुमच्याकडचा पाऊस म्हणजे ताडपत्रीचं काम नाही. साधारण दहा बाय आठ फुटांची पत्र्याची शेड, खाली विटा किंवा जुने पाईप टाकून लाकूड जमिनीपासून वर, पाच फूट उंच थप्पी, दोन रांगांत हात जाईल एवढी फट, वरून पत्रा आणि बाजू मोकळ्या. बाजूंनी प्लास्टिक गुंडाळलं की आत बुरशी, हे हमखास. अँगल-पत्र्याचं काम तुमच्या एफडीत जे ६० हजार आहेत त्यातून करा, कर्ज नको.

३२ हजारांचं २०० लिटर सोलर वॉटर हीटरचं कोटेशन तुम्ही शेवटी सहज म्हणून लिहिलंय, मला तर पूर्ण मेसेजमध्ये तेच सगळ्यात कामाचं वाटलं. बहुतेक जळण बंबात जातं ना? पावसाळ्यात आणि धुक्यात सोलर चालणार नाही, बंब ठेवावाच लागेल, पण वर्षाचं अर्धं जळण जरी वाचलं तरी १८ हजार, दोन वर्षांच्या आत वसूल. तरीपण शेड आणि सोलर एकदम नको, एफडी पार रिकामी होईल. यंदा शेड, पुढच्या उन्हाळी सीझननंतर सोलर.

राहिली रानातली सिल्वर ओक, "तोडली की दोन वर्षं जळण फुकट". महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी जपलेला संवेदनशील भाग आहे, स्वतःच्या जागेतलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, ऐन यांना तर १९६४ चा झाडतोडीवरचा कायदा राज्यभर लागू आहे. त्यामुळं ते लाकूड हिशोबात धरूच नका. वाऱ्यानं पडलेलं झाड असेल तरी आधी वनखात्याला विचारा, मग कुऱ्हाड.

आणि अधूनमधून ओंडके फोडावे लागलेच तर चेनसॉवाला दिवसाच्या बोलीनं बोलवा. त्याआधी बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना घेऊन टाका, वर्षाला २० रुपयांत अपघाताचं २ लाखांचं कव्हर आहे, तुमचा आणि गड्याचा पण फॉर्म भरा.