शिव्या दिल्या नाहीत, खाल्ल्या

"गेम खेळतो याचे काही नाही हो मॅडम, पण बंद दाराआडून त्याच्या तोंडच्या ज्या शिव्या ऐकू येतात, त्या आमच्या घरात कधी कुणी उच्चारलेल्या नाहीत," ही तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे इतक्या घरांतून आली आहे की पुढचा प्रश्नही मला पाठ झाला आहे: याला व्यसन लागले आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची नोंद आहे. परंतु खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा वाटणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे, हे साधारण 12 महिने चालले तरच तो विकार मानतात. शिव्या हे त्याचे लक्षण नाही.

दहावीतला एक मुलगा (ओळखीचे तपशील बदलले आहेत) तीन भेटींत "सगळेच देतात" यापलीकडे बोलला नाही. चौथ्या भेटीत मी त्याला बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा गेम शिकवायला सांगितले. विमानातून उडी, चौघांचे स्क्वाड, आक्रसत जाणारे वर्तुळ, हे सारे त्याने गुरुजींच्या थाटात समजावले. मग मी विचारले, "पहिली शिवी कुणाला दिलीस?"

"दिली नाही, खाल्ली. आठवीत होतो. माझ्यामुळे मॅच गेली, तर तिघांनी नूब, म्हणजे कच्चा खेळाडू, म्हणत आईवरून सुरू केले. नंतर कळले, चुकणाऱ्याला आपण आधी झोडपले की आपल्यावर कुणी येत नाही." थोडे थांबून तो म्हणाला, "परवा एक छोटा मुलगा होता. माझे ऐकून रडायला लागला."

"मग तू काय केलेस?"

"त्याला म्यूट केले."

त्यानंतर तो बराच वेळ खाली बघत राहिला आणि मी गप्प बसले. हे गप्प बसणे शिकायला मला वीस वर्षे लागली आहेत. भावनांमागचे अविवेकी हट्ट शोधणारी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी मी त्याच्या रागाआडची, त्याने स्वतःवर लादलेली सक्ती ऐकत होते: 'मी हरता कामा नये, हरलो तर मी कवडीमोल.' पुढच्या भेटी आम्ही या एका वाक्यावरच खर्च केल्या.

पालकांना मी इतकेच सांगते की एक पूर्ण मॅच शेजारी बसून पाहा, अनोळखी स्क्वाडमध्ये माइक बंद ठेवण्याचा नियम मुलाशी बोलून ठरवा आणि मॅच चालू असताना वायफाय तोडू नका, कारण मध्येच गायब होणाऱ्याला उरलेले तिघे जे ऐकवतात तेच मूल पुढे दुसऱ्याला ऐकवते. फोन हिसकावून या मुलाच्या घरात काही साधले नव्हते. तो मित्राच्या फोनवर खेळत होता.

त्याला गेम बनवायचे आहेत, याला वडील हसले होते. मी त्याला पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या कंपनीच्या 'राजी' या व्हिडिओ गेमबद्दल सांगितले. 2017 मध्ये त्यासाठी काढलेली ऑनलाइन लोकवर्गणी उद्दिष्टाला पोहोचली नाही, तरी 2020 मध्ये तो गेम प्रकाशित झाला. "म्हणजे हेही आधी हरले होते?" हा त्याचा प्रश्न मला त्या दिवसाची कमाई वाटला.

शिव्या पूर्ण थांबलेल्या नाहीत. गेल्या महिन्यात आईला दाराबाहेरून ऐकू आले, "अरे घाबरू नको, माझ्या मागे ये." लगेच एक शिवीही आली, पण ती नेटवर्कला होती.