स्वतःबद्दल, भावनांबद्दल इंग्रजीत बोलण्याचा सराव कसा करावा?

सरावाला चौघांचा छोटा गट पुरे. गर्दी झाली की लाजरा माणूस गप्पच बसतो. एका बैठकीला एकच प्रश्न घ्या, तोही हलका: ‘या आठवड्यात कशाने चिडचिड झाली?’ थेट बालपणीच्या जखमांना हात घालू नका.

मग ४-३-२ पद्धत वापरा. तेच बोलणं एकाला ४ मिनिटांत, दुसऱ्याला ३ आणि तिसऱ्याला २ मिनिटांत सांगायचं. तिसऱ्या फेरीत अडखळणं बरंच कमी होतं, कारण मजकूर तयार असतो आणि लक्ष फक्त भाषेकडे राहतं.

बहुतेकांची गाडी ‘सॅड’ आणि ‘हॅपी’वरच अडते. म्हणून भावनेला कारण जोडा: ‘आय फेल्ट लेफ्ट आउट व्हेन नोबडी आस्क्ड मी.’ आणखी एक हमखास चूक: कंटाळा आला की लोक ‘आय ॲम बोअरिंग’ म्हणतात, म्हणजे मीच कंटाळवाणा! तिथे ‘बोअर्ड’ हवं.

कोणी मन मोकळं करत असताना व्याकरण सुधारायला जाऊ नका, पुढच्या वेळी तो तोंडच उघडणार नाही. चुका टिपून ठेवा, शेवटी दोन-तीनच सांगा. नको त्या प्रश्नाला ‘आय’ड रादर नॉट टॉक अबाउट दॅट’ म्हणायची मुभा सगळ्यांना हवी.