डच रेडिओ पत्रकार लू द यॉंग कोण होते?

कुणी विचारलंय की रेडिओ ओरान्येवाले लू द यॉंग नक्की कोण, पत्रकार की इतिहासकार? दोन्ही. जन्म १९१४, ॲमस्टरडॅमचं ज्यू घर, इतिहास शिकून एका साप्ताहिकात परदेशी बातम्या बघायचे. १४ मे १९४० ला, जर्मन फौजा देशात घुसलेल्या असताना, बायकोला घेऊन बोटीने इंग्लंडला निसटले. आईवडील आणि जुळा भाऊ मात्र मागेच राहिले, ते परत कधीच भेटले नाहीत.

लंडनमध्ये २८ जुलै १९४० पासून बीबीसीवरून रेडिओ ओरान्ये, म्हणजे लंडनला गेलेल्या डच सरकारचं रेडिओ प्रसारण, सुरू झालं, रोज रात्री पंधरा मिनिटं, आणि द यॉंग तिथल्या मुख्य लोकांपैकी एक. १९४३ मध्ये जर्मनांनी नेदरलँड्समधले रेडिओ जप्तच केले तरी लोक सेट लपवून ऐकायचे. मार्च १९४४ मध्ये याच केंद्रावरून एका डच मंत्र्यांनी डायऱ्या, पत्रं जपून ठेवा असं सांगितलं, ते ॲमस्टरडॅममध्ये जर्मनांपासून लपून बसलेल्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीने ऐकलं आणि ती आपली डायरी नव्याने लिहायला बसली. मला तर रेडिओची ताकद यातच दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ ते १९७९ द यॉंग डच युद्ध-दस्तऐवज संस्थेचे संचालक, साठच्या दशकात टीव्हीवर युद्धाची मालिका, मग इतिहासाचे जाडजूड खंड. २००५ मध्ये गेले.