आजीची नथ फडक्यात का?

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर विचारलंस, "बाबा, हिऱ्याच्या कुड्या आणि माणकाची अंगठी आजी एकाच डबीत ठेवते, मग नथच तेवढी मलमलच्या फडक्यात का? आणि नथीत मोतीच का?" तेवढ्यात फोन कट झाला, म्हणून लिहितोय.

मोती हा मुळात खडाच नाही. हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटरहून खोल तयार झाला आणि ज्वालामुखीने वर फेकला. मोती घडवला शिंपल्यातल्या जिवाने. अंगात काही खुपलं की तो त्याभोवती थरावर थर चढवत बसतो. आजोबांच्या बोटातलं पोवळंही तसंच, समुद्रातल्या बारीक जिवांचा सांगाडा. नवरत्नांत हे दोघे समुद्राकडचे पाहुणे.

खडे किती कठीण ते मोजायला १ ते १० अशी पट्टी आहे. हिरा १०, माणिक ९, मोती जेमतेम ३ च्या आसपास. एका डबीत ठेवले तर मोत्यावर ओरखडे उठणार. घाम, अत्तर, लिंबू यांनीही त्याचं तेज जातं. आठव, आजी पावडर, अत्तर, गजरा सगळं आटोपून अगदी शेवटी नथ घालते.

नथीतला लाल खडा माणिक, म्हणजे कुरुंद नावाच्या खनिजाचा खडा. त्यात चिमूटभर क्रोमियम मिसळलं की लाल होतो. लोह आणि टायटॅनियम मिसळलं की तोच नीलम. विळीला धार लावायला येतो त्या माणसाच्या चाकावरही बहुधा कुरुंदाचीच भुकटी असते. एक भाऊ नाकात, एक रस्त्यावर!

आता मोतीच का? यामागे मोठं शास्त्र आहे असं कुणी सांगितलं तर मान डोलाव आणि पुढे जा. मला वाटतं, आपल्या किनाऱ्याला मोती समुद्रातूनच येत, म्हणून. मी राहतो त्या बहरीनच्या समुद्रात उन्हाळाभर पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून शिंपले काढायला उतरत. अरब व्यापारी ते मोती मुंबईला नेत; तिथे त्यांना भोकं पाडली जात, सर ओवले जात. बसरा बंदराच्या नावावरून त्यांना बसऱ्याचे मोती म्हणतात. १९३० च्या आसपास जपानचे मशागतीचे, म्हणजे शिंपल्यात माणसाने मुद्दाम वाढवलेले मोती स्वस्तात आले आणि हा धंदा बसला. १९३२ मध्ये बहरीनला तेल सापडलं. त्या तेलामुळेच तुझा बाबा इथे नोकरी करतोय.

नथ पणजीच्या लग्नातली, १९२८ ची. तिचे मोती बहुधा माझ्या खिडकीसमोरच्या पाण्यातलेच.

मोती किती नाजूक ते बघायचं असेल तर अंड्याचं टरफल व्हिनेगरमध्ये टाक. दोघे एकाच पदार्थाचे, बुडबुडे येतील. आपल्या घरात अंडं चालत नाही, तेव्हा शेजारच्या काकूंकडे कर. आणि नथीवर प्रयोग नको, आजी गिरगावातून ओरडली तरी मला इथे ऐकू येईल.

तुझा,
बाबा